स्तनाचा एमआरआय कधी आणि कसा करावा: खानदेशातील रुग्ण स्त्रिया व त्यांच्या कुटुंबीयांसाठी

मागच्या हंगामात कापूस विकून हाती आलेल्या पैशातून चोपडा तालुक्यातील एका कुटुंबाने आपल्या सुनेचा स्तनाचा एमआरआय करून घेतला. डाव्या स्तनातली गाठ दोन-तीन महिन्यांपासून हाताला लागत होती, आणि घरच्यांनी खर्चाचा विचार न करता थेट सर्वांत महागडी तपासणी निवडली होती. त्या फिल्म घेऊन ते आमच्या विभागात आले, तेव्हा त्या पाहून मला फार वाईट वाटले. तपासणी मासिक पाळीच्या अगदी तोंडावर झाली होती, स्तनासाठीची वेगळी कॉइल (चित्र टिपण्यासाठी अंगाजवळ ठेवायचे साधन) वापरलेली नव्हती, आणि शिरेतून दिलेल्या औषधाने दोन्ही स्तन सगळीकडून असे उजळले होते की त्यातून नेमकी गाठ वेगळी काढता येत नव्हती. त्याआधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्षकिरण तपासणी, कोणी सांगितलीच नव्हती. नंतर मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईने गाठीचा तुकडा घेतला आणि निदान झाले. मात्र पहिला खर्च आणि मधले तीन आठवडे वाया गेले ते गेलेच.

मी जळगाव जिल्ह्यात एमआरआय तंत्रज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करते. मोठे मशीन म्हणजे खात्रीची तपासणी, असा समज मला रोज भेटतो, आणि तो दूर व्हावा म्हणून हा लेख लिहिला आहे. स्तनाचा एमआरआय ही एक ठरावीक प्रश्न घेऊन करायची तपासणी आहे. प्रश्न योग्य असेल, दिवस योग्य असेल आणि आधीच्या फिल्म शेजारी असतील, तर तो मॅमोग्राफीला न दिसणारे दाखवतो. यांपैकी एखादी गोष्ट चुकली तर तो नवी भीती निर्माण करतो.

गाठ लागली तर सुरुवात कोठून करावी

2022 या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे 98 हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. मृत्यूंचा आकडा रुग्णांच्या संख्येच्या निम्म्याहून जास्त असण्यामागे उशिरा होणारे निदान हे एक मोठे कारण आहे. आपल्याकडच्या बायाबापड्यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते: ‘गाठ दुखत नही, मंग कसाले दखाडनं?’ वास्तविक कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि न दुखणारी, टणक, जागची फारशी न हलणारी गाठ लवकर दाखवण्याची गरज अधिक असते. बोंडातून आपोआप येणारे रक्तमिश्रित पाणी, बोंड आत ओढले जाणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणे किंवा काखेत गाठ येणे, हीसुद्धा थांबू नये अशीच लक्षणे आहेत.

पहिली पायरी हाताने केलेली तपासणी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते, आणि तिला कमी लेखू नये. मुंबईत टाटा स्मारक केंद्राने 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये 20 वर्षे चालवलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तन तपासल्यावर 50 वर्षांवरील स्त्रियांमधील स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. शासनाच्या कार्यक्रमातही 30 ते 65 या वयोगटातील स्त्रियांची अशी तपासणी अपेक्षित आहे. गावातल्या आशाताईंना विचारले तर उपकेंद्रावर ती कधी होते, हे कळते.

दुसरी पायरी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी. वय तिशीच्या आत असेल तर सहसा आधी सोनोग्राफी करतात, कारण तरुण वयात स्तन घट्ट, म्हणजे आतून दाट ऊतींचा, असतो आणि मॅमोग्राफीत सगळेच पांढरे दिसते. तिसरी पायरी बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. कर्करोग आहे की नाही हे केवळ बायोप्सी ठरवते. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि एमआरआय या तिन्ही तपासण्या फक्त बोट दाखवतात. सुई लावली की कर्करोग पसरतो, ही भीती आपल्या भागात घट्ट रुजली आहे. तिच्यापायी बायोप्सी टाळून एमआरआयवर एमआरआय करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते: सुईच्या तपासणीने आजार वाढत नाही, ती न केल्याने उपचार मात्र अडतो.

या तीन पायऱ्या झाल्यावरही काही प्रश्न उरला, तरच एमआरआयची वेळ येते.

एमआरआय काय पाहतो

मॅमोग्राफी क्षकिरणांनी स्तनाची घनता पाहते, सोनोग्राफी ध्वनिलहरींनी गाठीचा आकार आणि पोत पाहते, तर एमआरआय प्रामुख्याने रक्तपुरवठा पाहतो. वाढत्या गाठीला अन्न लागते, म्हणून ती आपल्याभोवती नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते, आणि घाईने तयार झालेल्या या वाहिन्या गळक्या असतात. हातातल्या शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध सोडले की ते अशा गाठीत झपाट्याने, बहुधा पहिल्या दोन मिनिटांत, भरते आणि तितक्याच लवकर बाहेर पडू लागते. साध्या गाठीत ते सावकाश भरत राहते. आम्ही औषधाआधी एकदा आणि औषधानंतर अनेकदा तीच चित्रे घेतो आणि उजळण्याच्या या चढउताराचा आलेख काढतो. म्हणूनच कर्करोग शोधण्यासाठी औषधाविना केलेला नेहमीचा स्तनाचा एमआरआय जवळजवळ निरुपयोगी असतो. फक्त सिलिकॉनचे रोपण फुटले आहे का, एवढेच पाहायचे असेल तर औषध लागत नाही.

यात क्षकिरण नसतात, ही चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की मॅमोग्राफीत दिसणारे चुन्याचे बारीक कण एमआरआयला दिसत नाहीत, आणि काही अगदी सुरुवातीचे, दुग्धनलिकेच्या आतच असलेले कर्करोग या कणांवरूनच ओळखू येतात. एमआरआय झाला, आता मॅमोग्राफीची गरज नाही, असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नये. शिवाय कर्करोग नसलेल्या काही गाठीही औषधाने उजळतात, त्यामुळे एमआरआयवर संशयास्पद वाटलेली प्रत्येक जागा कर्करोगाची निघत नाही.

एमआरआय खरोखर कोणाला लागतो

घराण्यात हा आजार असलेल्या स्त्रियांना त्याचा फायदा सर्वाधिक होतो. बीआरसीए-1 किंवा बीआरसीए-2 या जनुकांतील दोष असलेल्या स्त्रीला 80 वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे 70 टक्के असते. अशा स्त्रियांना साधारण 25 वर्षांपासून दरवर्षी एमआरआय आणि 30 वर्षांपासून त्यासोबत मॅमोग्राफी सुचवतात. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने 2007 मध्ये, आयुष्यभराचा धोका 20 टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या स्त्रियांसाठी दरवर्षी एमआरआयची शिफारस केली. तरुणपणी छातीला रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो तो, दिलेल्या स्त्रियाही या गटात येतात.

घराण्याचा इतिहास दवाखान्यात विचारला की बहुतेक जणी ‘कोणालाच नव्हता’ असे सांगतात, कारण असले आजार घरात दबक्या आवाजात बोलले जातात. माझी सूचना अशी की आखाजीला माहेरी सगळ्या लेकीबाळी जमतात, तेव्हा एक दुपार काढून हे विचारावे. आई, मावशी, आजी यांच्याबरोबर आत्या आणि वडिलांची आई यांचीही चौकशी करावी, कारण सदोष जनुक वडिलांकडूनही मुलीकडे येण्याची शक्यता निम्मी असते. कोणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला होता का, कोणाला दोन्ही बाजूंना झाला होता का, अंडाशयाचा कर्करोग कोणाला होता का, घरातल्या एखाद्या पुरुषाला स्तनात गाठ आली होती का, एवढे वहीत लिहून ठेवले तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते.

निदान झालेल्या स्त्रीमध्ये एमआरआयचे उपयोग वेगळे असतात. काखेतल्या गाठीत स्तनाचा कर्करोग सापडला, पण मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीत स्तनात काहीच नाही, अशा वेळी मूळ जागा शोधण्यासाठी एमआरआयला तोड नाही. लोब्युलर प्रकारचा कर्करोग गाठ न बनवता तंतूंसारखा पसरतो, त्याचा खरा विस्तार एमआरआय अधिक चांगला दाखवतो. आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करायची असेल, तरीही तो मोलाचा ठरतो. त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

शस्त्रक्रियेआधी प्रत्येकीचा एमआरआय करावा का, यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये 1,623 स्त्रियांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी एमआरआय केल्याने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण कमी झाले नाही. दुसरीकडे, नेदरलँड्समध्ये अतिशय घट्ट स्तन असलेल्या 50 ते 75 वयाच्या स्त्रियांना मॅमोग्राफीला जोड म्हणून एमआरआय दिल्यावर, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघड होणारे कर्करोग हजारी 5 वरून 2.5 वर आले. हे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. माझे मत असे की गाठ एकच आहे, तिन्ही तपासण्यांचा मेळ बसतो आहे आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे, तर केवळ समाधानासाठी एमआरआय मागून ती तारीख पुढे ढकलू नये.

तारीख घेण्यापूर्वी

केंद्राला फोन करून पहिला प्रश्न विचारावा: स्तनाची वेगळी कॉइल आहे का? या कॉइलमध्ये दोन पोकळ्या असतात, स्त्री पालथी झोपते आणि स्तन त्यांत मोकळे सोडले जातात. छातीवर साधी कॉइल ठेवून, उताणे झोपवून घेतलेली चित्रे या कामाला पुरत नाहीत. कंबर आणि गुडघ्याचे उत्तम एमआरआय करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ही कॉइल असतेच असे नाही. मशीन 1.5 टेस्ला किंवा 3 टेस्ला क्षमतेचे असावे. दुसरा प्रश्न: स्तनाचे रिपोर्ट नियमित लिहिणारे रेडिओलॉजिस्ट ते पाहणार आहेत का? उत्तर मोघम आले तर धुळे, नाशिक किंवा मुंबईचा विचार करावा. लांब जावे लागले तरी एकदाच जावे लागते.

पाळी चालू असलेल्या स्त्रीने पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून 7 ते 14 या दिवसांतली तारीख मागावी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात संप्रेरकांमुळे निरोगी ऊतीही औषधाने उजळतात आणि त्या उजेडात लहान गाठ लपते, किंवा नसलेली गाठ दिसते. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून येणाऱ्या स्त्रीला दिवस चुकला म्हणून परत पाठवणे आम्हालाही जड जाते, म्हणून फोनवरच पाळीची तारीख सांगावी. संकोच करू नये. पाळी थांबलेल्या स्त्रीला हा हिशेब लागत नाही. कर्करोगाचे निदान होऊन केमो लगेच सुरू करायची असेल, तर पाळीच्या दिवसासाठी थांबायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि बहुधा थांबत नाहीत.

औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा अधिक वय असेल तर क्रिएटिनिनची रक्ततपासणी आधी करून घ्यावी. ती तालुक्याच्या गावी होते, तिच्यासाठी शहरात एक जास्तीचा मुक्काम करू नये. मूत्रपिंडाचे काम खूपच मंदावले असेल तर औषध द्यावे की नाही, याचा निर्णय डॉक्टर घेतात. गरोदर स्त्रीला हे औषध शक्यतो देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधात मात्र ते इतके नगण्य उतरते की पाजणे थांबवण्याची गरज नसते.

पैशांच्या बाबतीत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. तपासणीचा खर्च मंजूर उपचारात धरला जातो की आधी खिशातून करावा लागतो, हे त्यांना तपासणीपूर्वी विचारावे. पावती झाल्यानंतर विचारून उपयोग होत नाही.

तपासणीच्या दिवशी

जुन्या मॅमोग्राफी व सोनोग्राफीच्या फिल्म, बायोप्सीचा रिपोर्ट, आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत घ्यावा. फिल्म घडी घालून पिशवीत कोंबू नयेत. किती तास उपाशी राहायचे हे केंद्र सांगते. पाणी मात्र पीत राहावे, विशेषतः आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बसने आलेल्या स्त्रीने. शरीरात पाणी कमी असेल तर शीर सापडत नाही आणि दोन-तीनदा टोचावे लागते.

मशीनचे चुंबक सतत चालू असते, रात्रीसुद्धा. म्हणून मंगळसूत्र, नथ, कानातले, पाटल्या, पैंजण, जोडवी, केसातल्या पिना आणि पदराची सेफ्टी पिन, सगळे बाहेर ठेवावे लागते. मंगळसूत्र उतरवताना अनेक स्त्रियांचे डोळे भरून येतात. आजाराची धास्ती असताना ते काढणे अशुभ वाटते. त्यांच्यासाठी आम्ही सोबतच्या सासूबाईंना किंवा जावेला ते हातात धरून खोलीच्या दाराशी बसायला सांगतो, आणि तेवढ्याने धीर येतो. बोटात रुतलेली जोडवी ऐनवेळी निघत नाहीत, ती घरीच साबणाने सैल करून यावे.

शरीरात बसवलेल्या वस्तूंविषयी काहीही लपवू नये. पेसमेकर, कानातले कॉक्लिअर यंत्र, मेंदूतील रक्तवाहिनीची क्लिप, स्तनाच्या पुनर्रचनेसाठी बसवलेला चुंबकीय तोंडाचा फुगा, यांपैकी काही असेल तर आधी त्याचे कार्ड पाहावे लागते. वेल्डिंगचे काम केलेल्या व्यक्तीच्या डोळ्यात लोखंडाचा कण अडकलेला असू शकतो, तोही सांगावा. तांबी असली तरी सहसा अडचण येत नाही, पण सांगावी.

आत गेल्यावर शिरेत सुई बसवतात आणि पालथे झोपवतात. यानंतर साधारण 30 ते 45 मिनिटे न हलता पडून राहायचे असते. ठकठक, घरघर असा मोठा आवाज येतो, म्हणून कानांना संरक्षण देतात आणि हातात बोलावण्याचा रबरी फुगा देतात. औषध जाताना हात गार लागतो, क्वचित तोंडाला चव येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषधाच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रांत शरीर एकाच जागी असले पाहिजे, कारण संगणक एकातून दुसरे वजा करतो. मधेच खांदा हलला तर वजाबाकी चुकते आणि खोटी उजळलेली कड दिसते. म्हणून सुरुवातीलाच छाती, कपाळ आणि हात नीट टेकले आहेत ना, हे पाहून घ्यावे आणि काही रुतत असेल तर संकोच सोडून सांगावे. मानदुखीमुळे शेवटच्या पाच मिनिटांत हललेल्या स्त्रिया मी बऱ्याच पाहिल्या आहेत. उशी दोन बोटे सरकवली असती तर ते टळले असते.

रिपोर्ट हाती आल्यावर

रिपोर्टच्या शेवटी बाय-रॅड्स असा शब्द आणि 0 ते 6 पैकी एक आकडा असतो. 0 म्हणजे माहिती अपुरी आहे, आणखी तपासणी हवी. 1 आणि 2 म्हणजे काळजीचे काही नाही. 3 म्हणजे कर्करोगाची शक्यता फार कमी, बहुधा 2 टक्क्यांच्या आत, आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे. 4 म्हणजे संशय, 5 म्हणजे दाट संशय, दोन्हींत बायोप्सी हवी. 6 म्हणजे बायोप्सीने कर्करोग आधीच सिद्ध झाला आहे. हा 6 पाहून ‘सहावी स्टेज आहे’ असे समजून रडत बसलेले एक कुटुंब मला आठवते. हा आकडा आजाराची अवस्था सांगत नाही.

हाताला गाठ लागते आहे, सोनोग्राफीत ती संशयास्पद आहे, पण एमआरआय स्वच्छ आला, तरी बायोप्सी टाळू नये. याउलट एमआरआयमध्ये नवी जागा दिसली, तर त्या जागेवर नेम धरून पुन्हा सोनोग्राफी करतात आणि बहुतेक वेळा ती जागा सापडल्यास तेथूनच तुकडा घेता येतो. ती सोनोग्राफीत दिसलीच नाही, तर एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली बायोप्सी लागते आणि ती सोय मोजक्या मोठ्या केंद्रांत असते. मुंबईला जाताना फक्त फिल्म नेऊन भागत नाही, सर्व चित्रांची डायकॉम स्वरूपातली सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावा, आणि गाडीत बसण्याआधी तो एकदा संगणकावर उघडून पाहावा. भुसावळहून रात्रभर प्रवास करून परळला पोहोचावे आणि तेथे सीडी कोरी निघावी, याहून मोठा मनस्ताप नाही. फक्त एमआरआयमध्ये दिसलेल्या, तुकडा न तपासलेल्या जागेवरून पूर्ण स्तन काढण्याचा निर्णय घेऊ नये. त्याआधी बायोप्सीविषयी शल्यविशारदांना स्पष्ट विचारावे.

केमोथेरपी आधी द्यायची असेल तर

गाठ मोठी असेल किंवा आजाराचा प्रकार तसा असेल, तर आधी केमो देऊन गाठ आकसवतात. पहिला एमआरआय केमोच्या पहिल्या मात्रेपूर्वी व्हायला हवा. एक मात्रा गेल्यावर केलेला एमआरआय पायाभूत मोजमाप म्हणून उपयोगाचा राहत नाही. त्यानंतर गरजेनुसार मध्यावर एकदा आणि शस्त्रक्रियेपूर्वी एकदा तो करतात, शक्यतो त्याच मशीनवर, म्हणजे मापे जुळतात.

आपल्या भागात केमो जळगावला किंवा धुळ्याला आणि शस्त्रक्रिया मुंबईला, असे पुष्कळदा घडते, आणि यात एक गोष्ट हमखास निसटते. गाठ पूर्ण विरघळली तर ती मुळात कोठे होती हे शल्यविशारदाला कळावे म्हणून केमोपूर्वी गाठीत तांदळाच्या दाण्याहूनही लहान धातूची क्लिप बसवतात. ‘क्लिप बसवली आहे का?’ हा प्रश्न केमो सुरू होण्याआधी विचारावा. ही क्लिप बहुधा टायटॅनियमची असते आणि तिच्यामुळे पुढचा एमआरआय अडत नाही.

केमोनंतरच्या एमआरआयमध्ये काहीच दिसले नाही, तर ती फार आनंदाची बातमी असते. तरीही सूक्ष्म पेशी शिल्लक असू शकतात आणि त्या एमआरआयला दिसत नाहीत. गाठ गेली म्हणून उपचार सोडून घरी बसलेल्या आणि वर्षभराने काखेतल्या गाठीसह परतलेल्या बहिणींना मी पाहिले आहे. ठरलेली शस्त्रक्रिया आणि शेक, दोन्ही पूर्ण करावेत.

उपचारानंतर

स्तन वाचवून शस्त्रक्रिया झाली असेल तर दरवर्षी मॅमोग्राफी करतात. ज्यांचे निदान पन्नाशीच्या आत झाले किंवा ज्यांचे स्तन घट्ट आहेत, त्यांच्यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने 2018 मध्ये दरवर्षी एमआरआयचीही शिफारस केली. आपल्याकडे त्याचा निर्णय परिस्थिती पाहून घ्यावा लागतो. हाडे, यकृत किंवा फुप्फुसात आजार गेला आहे का, हे स्तनाचा एमआरआय सांगत नाही, त्यासाठी वेगळ्या तपासण्या असतात.

शस्त्रक्रियेचा व्रण सुरुवातीचे काही महिने औषधाने उजळतो आणि पुढे दीड-दोन वर्षांत बहुधा शांत होतो. म्हणून व्रणाच्या जागी हाताला कडकपणा लागला आणि मॅमोग्राफीतून उलगडा झाला नाही, तर एमआरआय व्रण आणि परतलेला आजार यांत फरक करायला चांगली मदत करतो. मात्र त्यासाठी शस्त्रक्रियेची आणि शेवटच्या शेकाची तारीख आम्हाला माहीत असावी लागते. या दोन तारखा फाइलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवाव्यात.